जाडी न मोजता जाडीचा रिपोर्ट : १,००,३०० रुपयांची फसवणूक

९८ टक्के सल्फ्युरिक ॲसिडची आमची तीन इंची पाइपलाइन एल्बोला, म्हणजे वळणाच्या तुकड्याला, फुटली. देखभालीसाठी कारखाना बंद ठेवला त्या शटडाउनमध्येच तिची अल्ट्रासॉनिक तपासणी, म्हणजे ध्वनिलहरींनी जाडीची मोजणी, झाली होती. एजन्सीने ८५,००० अधिक जीएसटी १५,३००, असे १,००,३०० रुपये घेऊन २१२ पॉइंटचा रिपोर्ट दिला. त्यातले कित्येक पॉइंट मोजलेलेच नव्हते.

संताप याचा की पुरावा रिपोर्टमध्येच होता. शेड्यूल ४० (पाइपच्या जाडीची प्रमाणित श्रेणी) च्या तीन इंची पाइपची जाडी ५.४९ मिमी. रिपोर्टमध्ये एल्बोच्या चारही बाजूंना ५.४ ते ५.५! अहो, नव्या कोऱ्या एल्बोलाही साडेबारा टक्के कमी जाडी चालते, म्हणजे ४.८० पर्यंत. पोलादावर बसलेला सल्फेटचा थर पाइपला ॲसिडपासून वाचवतो, पण वळणावर प्रवाह खवळला की तो निघून जातो आणि झीज तिथेच होते. इतकी वर्षं ॲसिड वाहिलेल्या वळणावर चारही बाजू एकसारख्या कशा राहतील? पण शटडाउनच्या शेवटच्या रात्री, लेव्हल टूची, म्हणजे प्रमाणित तपासनिसाची, सही असलेले २१२ आकडे कोण तपासत बसतं? सहीवर विसंबायचं नसेल तर पैसे कशाचे दिले?

भोकाशेजारी दुसऱ्याकडून मोजून घेतलं : १.९ मिमी. एजन्सी म्हणते, पाइपची भिंत पातळ असली की गेज, म्हणजे जाडी मोजायचं यंत्र, जाडी दुप्पट दाखवतो. दाखवतो, खरंय. पण १.९ ची दुप्पट ३.८ होते, ५.४ नाही!

स्टीम लाइनवरही तोच प्रकार. इन्सुलेशनच्या पत्र्याचे रिव्हेट जुनेच, हातही न लागलेले. मग पत्रा न काढता गेजचा प्रोब पाइपला टेकवला कुठे? काम चालू असताना आपला माणूस सोबत उभा करा. नुसती एक्सेल शीट घेऊ नका, गेजच्या मेमरीतली फाइल आणि ए-स्कॅन (पॉइंटवर उमटलेल्या प्रतिध्वनीचा आलेख) मागा.

पोलिसांनी ‘हा दिवाणी वाद’ म्हणून अर्ज परत केला. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीचं कलम ३१८ आहे, ते मग कुणासाठी? न मोजता आकडे लिहिणं हा कराराचा वाद कसा? व्यापारी कामासाठी घेतलेली सेवा ग्राहक आयोगात बसत नाही. सुरक्षा खात्याने तर उलट आम्हालाच जाब विचारला, गळती का झाली म्हणून! खोट्या रिपोर्टवर सही करणाऱ्याला साधी नोटीससुद्धा नाही. उद्या त्या एल्बोखाली माणूस उभा असता तर?

स्टेप ब्लॉकवरचं, म्हणजे माहीत असलेल्या जाडीच्या पायऱ्यांच्या ठोकळ्यावरचं, गेजचं कॅलिब्रेशन डोळ्यांदेखत करून घ्या. कार्बन स्टीलसाठी ध्वनीचा वेग साधारण ५,९२० मीटर प्रतिसेकंद. रंगावरून मोजलं तर आकडा फुगतो, इको-टू-इको मोड (रंगाची जाडी वगळून मोजणारा) नसेल तर रंग खरवडायला लावा. आणि दहा पॉइंट तिसऱ्याकडून मोजून जुळेपर्यंत बिलाचा एक रुपयाही सोडू नका.