जहाजावर लहान मुलं कोणाकडे ठेवावीत: किड्स क्लबमध्ये की आजीजवळ?

मुंबई–गोवा क्रूझला लहान मुलांना घेऊन जावं का, असं रत्नागिरीत ओळखीचे बरेच जण विचारतात. जावं, याबद्दल मला शंका नाही. पण तिकीट काढण्याआधी एक गोष्ट घरात बसून ठरवायला हवी, ती म्हणजे जहाजावर मुलं कोण सांभाळणार. आम्ही हा प्रवास दोनदा केला. पहिल्यांदा चौघंच गेलो आणि सगळी भिस्त किड्स क्लबवर ठेवली. पुढच्या वर्षी आईला बरोबर नेलं. पहिल्या खेपेला मुलगी पाच वर्षांची होती आणि मुलग्याला तीन पूर्ण होऊन दोन महिने झाले होते. माझं मत या दोन फेऱ्यांवर बेतलेलं आहे, तुमच्या मुलांच्या सवयी वेगळ्या असू शकतात.

क्लबला मी नावं ठेवणार नाही. दिवसा तिथे मुलं खरंच रमतात. मुलगी पहिल्या तासाभरातच पुण्याच्या दोन मुलींच्या गटात मिसळली आणि जेवायला बोलावलं तर यायला तयार नव्हती. सांभाळणाऱ्या ताया मनापासून खेळवत होत्या. सोडताना आणि नेताना पालकाची सही लागते, दुसऱ्या कोणाच्या हाती मूल देत नाहीत. अनेक जहाजांवर मुलांच्या मनगटाला एक पट्टा बांधतात आणि त्यावर आणीबाणीत जमायच्या जागेचा क्रमांक असतो. भोंगा वाजला तर मुलाला कुठे न्यायचं हे कर्मचाऱ्याला त्यावरून कळतं. हे समजल्यावर बायकोचा जीव भांड्यात पडला.

वयाची अट मात्र नीट वाचून घ्या. बहुतेक कंपन्या तीन वर्षं पूर्ण झालेलं आणि डायपर सुटलेलं मूलच क्लबमध्ये एकटं ठेवून घेतात. त्याहून लहान असेल तर आई किंवा बाबा शेजारी बसायला हवेत, म्हणजे सांभाळायचं तुम्हालाच, फक्त खोली बदलते. परदेशी कंपन्यांच्या काही मोठ्या जहाजांवर सहा महिने ते तीन वर्षांच्या बाळांसाठी वेगळं पाळणाघर असतं. तिथे ताशी पैसे पडतात आणि जागा मोजक्याच असतात. सहा महिन्यांच्या आतलं बाळ तर बहुतेक कंपन्या जहाजावर घेतच नाहीत. डायपर लावलेल्या मुलांना पोहण्याच्या तलावातही सहसा उतरू देत नाहीत. पाण्याचं आमिष दाखवून मुलाला नेणार असाल तर हे आधी विचारून ठेवा.

माझं मन पालटलं ते रात्रीच्या वेळेमुळे.

पहिल्या रात्री आम्ही दोघं जेवण करून कार्यक्रमाला बसलो होतो. लग्नानंतर इतक्या वर्षांनी दोन तास फक्त आमचे, म्हणून बायको खूश होती. क्लबमधून फोन आला की मुलगा झोपलाय, गादीवर निजवलंय, बंद होण्याआधी घेऊन जा. अकराला दहा कमी असताना मी गेलो. तो गाढ झोपला होता, गाल लाल झालेले, एक पाय पांघरुणाबाहेर. त्याला खांद्यावर घेतलं. क्लब ते केबिन या वाटेत लिफ्ट लागते, लिफ्टच्या दारात पन्नास माणसं आणि भगभगीत दिवे. मधल्या चौकात बँड चालला होता. तिथून पुढे लांबच लांब बोळ आणि सगळी दारं सारखीच. तिसऱ्या वळणावर त्याने डोळे उघडले, आपण कुठे आहोत ते त्याला कळेना आणि त्याने भोकाड पसरलं. त्याच्या आवाजाने मुलगीही पुरती जागी झाली. दोघं झोपली तेव्हा दीड वाजला होता. सकाळी गोव्यात उतरलो ते चौघंही चिडचिडे.

दुसऱ्या रात्री शहाणपण करून साडेनऊलाच आणायला गेलो. तरी तो झोपलेला होता आणि लिफ्टपाशी तेच झालं. यात क्लबचा काही दोष होता असं मी म्हणणार नाही, त्यांनी नियमाप्रमाणे सगळं नीट केलं. पण झोपलेलं मूल उचलून अर्ध्या जहाजातून न्यायचं हे त्या व्यवस्थेतच आहे. पी अँड ओ क्रूझेससारख्या ब्रिटिश कंपनीच्या जहाजांवर रात्रीसाठी काळोख्या खोलीत पाळणे मांडून बाळं निजवायची सोय असते. सोय चांगली आहे, पण शेवटी तिथूनही उचलून आणायचंच. आठ वर्षांचं मूल अर्धवट झोपेत का होईना, चालत येतं. तीन वर्षांच्याचं तसं नाही.

आळीपाळीने सांभाळायचं हा पर्यायही आम्ही पाहिला. एक केबिनमध्ये, दुसरा वर. दोन रात्रींची सहल असेल तर प्रत्येकाला एकेक संध्याकाळ एकट्याने काढावी लागते. एवढा खर्च करून तसं जाण्यात मला अर्थ दिसत नाही. घरी मुलं सांभाळणाऱ्या ताईंना नेण्याचाही विचार केला होता, पण त्यांना समुद्राची भीती. तो विषय तिथेच संपला.

मग आई. माझी आई जयगडची. लहानपणी ती भाऊच्या धक्क्यावरून बोटीने गावी जायची. डेकवर सतरंजी टाकून, ट्रंकेला टेकून रात्र काढायची आणि बंदरात बोट बाहेर थांबली की पडावात उतरून किनारा गाठायचा. पावसाळ्यात बोटी बंद. रस्ते झाले, पुढे 1998 मध्ये कोकण रेल्वे पुरती सुरू झाली आणि तिचा बोटीचा प्रवास आठवणीपुरता उरला. तिला क्रूझबद्दल विचारलं तेव्हा पहिला प्रश्न आला, ‘बोट लागली तर रे?’ प्रश्न रास्त होता. डॉक्टरांना विचारून गोळी घेतली, ती बोटीत पाय ठेवण्याआधी घ्यायची असते. शिवाय आलेपाक तिच्या पिशवीत होताच. केबिन मुद्दाम खालच्या मजल्यावर आणि जहाजाच्या मध्यावर घेतली, कारण तिथे हेलकावा सगळ्यात कमी जाणवतो. डिसेंबर होता, समुद्रही शांत मिळाला. तिला काही त्रास झाला नाही.

आठ वाजता आम्ही सगळे जेवलो. साडेआठला आईने दोघांना तिच्या केबिनमध्ये नेलं, गोष्ट सांगितली आणि नऊला मुलं झोपली ती सकाळपर्यंत. आम्ही बारा वाजता हळूच दार लोटून पाहिलं तर आई जागीच होती. ‘झोपलीत. बोलू नकोस,’ एवढंच म्हणाली. तुलना माझ्यापुरती तिथेच संपली. जिथे निजली तिथेच मुलं उठली, कोणाला उचलावं लागलं नाही.

याला दुसरी बाजू आहे. आईचं तिकीट म्हणजे खर्च सरळ वाढतो, आणि क्लब बहुधा भाड्यातच येतो. एका केबिनमध्ये तिसरा-चौथा माणूस स्वस्तात बसतो, पण त्या जागा अनेकदा भिंतीतून ओढून काढायच्या वरच्या बर्थ असतात. साठीच्या बाईला शिडी चढायला लावू नका. आम्ही शेजारची आतली, खिडकी नसलेली केबिन घेतली. ती स्वस्तही पडली आणि भरदुपारीही काळोख असल्यामुळे मुलांच्या झोपेला उत्तम ठरली. मध्ये उघडणारं दार असलेल्या दोन केबिन मिळाल्या तर फारच बरं. मोबाइलवर मात्र विसंबू नका, किनारा दूर गेला की रेंज जाते. बाळाचा आवाज ऐकवणारं यंत्रही पोलादी भिंतींमुळे नीट चालत नाही. केबिनमधल्या फोनवरून जेवणघरात फोन कसा लावायचा, ते आईला पहिल्याच दुपारी दोनदा करून दाखवलं होतं.

दुसरी गोष्ट खर्चाहून महत्त्वाची. आई सहलीला आली होती, राखणीला नव्हे. म्हणून दुसऱ्या खेपेलाही दिवसा मुलं दोन-तीन तास क्लबमध्येच होती आणि त्या वेळात आई डेकवर खुर्ची टाकून बसायची. रात्री तिने सांभाळायचं ते स्वतःच्या झोपेच्या वेळेपासून, त्याआधीचा कार्यक्रम तिनेही आमच्याबरोबर पाहायचा, हे निघण्याआधीच ठरवलं होतं. तुमच्या घरी असं मोकळेपणाने बोलता येत नसेल, किंवा आजीला गुडघ्यांचा, रक्तदाबाचा त्रास असेल, तर क्लबच बरा. मुलं सहा-सात वर्षांच्या पुढची असतील तरीही मी क्लबच सुचवेन. त्या वयात त्यांना आजीपेक्षा सवंगडी हवे असतात.

पण मूल पाचाच्या आतलं असेल आणि आजी किंवा आजोबा यायला राजी असतील, तर मी दोनदा विचार करणार नाही. पुढच्या खेपेला सासूबाई येणार आहेत. त्या वेंगुर्ल्याच्या आणि बोट त्यांनाही लागायची, म्हणून मधल्या भागातली केबिन आत्ताच राखून ठेवली आहे.