मॉरिशसला कायमचे जावे का? नौपाड्यातील एका सल्ला-सेवेचा अनुभव

परदेशात कायमचे राहायला जाऊ इच्छिणाऱ्या कुटुंबांना सल्ला देणारे हे कार्यालय ठाण्यात, नौपाड्यात, गोखले रस्त्याला लागून असलेल्या एका गल्लीत पहिल्या मजल्यावर आहे. चार बैठकांचे चोवीस हजार रुपये आणि तिकडे राहून पाहण्याची सोय हवी असल्यास तिचे शुल्क वेगळे, अशी त्यांची पद्धत आहे. आम्ही दोन्ही घेतले. चारपैकी तीन बैठका दिलेल्या पैशांच्या मानाने पुष्कळ उपयोगी ठरल्या, राहण्याची सोय मात्र सांगितल्याप्रमाणे नव्हती, आणि या सेवेत एक मोठी उणीव आहे, जिच्याविषयी लिहावे म्हणूनच मी हा अभिप्राय सविस्तर लिहीत आहे.

आम्ही सत्तावीस वर्षे पाचपाखाडीत राहतो. माझ्या पतींचा वागळे इस्टेटमध्ये सुट्या भागांचा लहानसा कारखाना आहे, मी बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली आहे, मुलगी पुण्यात स्थिरावली आहे आणि एकोणऐंशी वर्षांच्या सासूबाई आमच्याकडे असतात. तीन वर्षांपूर्वी आम्ही दोघे आठ दिवस मॉरिशसला जाऊन आलो. तेव्हापासून तीन हात नाक्यावर गाडी अडकली की यांच्या तोंडी तोच विषय असे. मग कारखान्याच्या गाळ्याला चांगला भाव देणारे गिऱ्हाईक आले आणि नुसते बोलणे होते ते निर्णयाच्या उंबरठ्यावर येऊन उभे राहिले: गाळा विकायचा, घर विकायचे आणि जायचे.

पहिल्या बैठकीला आम्ही माहितीपत्रके आणि छायाचित्रे पाहायला मिळतील अशा समजुतीने गेलो होतो. सल्लागार बाईंनी त्यातले काहीही पुढे केले नाही. त्यांनी आखलेला एक मोठा कागद ठेवला, मधोमध उभी रेघ ओढली आणि सांगितले की, जाण्यासाठी जे जे सोडावे लागेल ते सगळे लिहा. जे पुन्हा मिळवता येईल ते डावीकडे आणि जे मिळवता येणार नाही ते उजवीकडे. सोफा, गाडी, भांडी डावीकडे गेली. घर आम्ही आधी डावीकडेच लिहिले होते, परंतु आज विकलेल्या पैशांत पाच वर्षांनी त्याच रस्त्यावर तेवढेच घर मिळेल का, असे त्यांनी शांतपणे विचारल्यावर ते खोडून उजवीकडे न्यावे लागले. गाळा लिहून झाल्यावर यांचे पेन थांबले. गाळ्यात लेथवर काम करणारे दोन कारागीर अकरा वर्षांपासून आमच्याकडे आहेत. त्यांची नावे कोणत्या बाजूला लिहायची हे यांना ठरवता येईना. ती नावे शेवटी रेघेवरच लिहिली गेली. तो कागद अजून आमच्या कपाटात आहे. ज्यांना जायचे आहे त्यांनी बाकी काही केले नाही तरी ही एक बैठक अवश्य घ्यावी, कारण ‘जावे की न जावे’ या एकाच प्रश्नाभोवती घरात वर्षभर जे वाद होतात ते त्या दीड तासात बरेचसे सुटे होऊन समोर येतात.

दुसरी बैठक कागदपत्रांची आणि पैशांची होती, आणि तिथे त्यांची तयारी खरोखर पक्की आहे. मॉरिशसमध्ये परकीय माणसाला हवी तिथे जमीन किंवा घर घेता येत नाही, मुख्यतः सरकारने मान्यता दिलेल्या प्रकल्पांतच घ्यावे लागते, आणि अशा घराची किंमत ३,७५,००० डॉलर किंवा त्याहून अधिक असेल तर त्याबरोबर निवासाचा परवानाही मिळू शकतो. दुसरीकडे, आपल्या रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली एका निवासी व्यक्तीला एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंतच रक्कम बाहेर पाठवता येते. म्हणजे ठाण्यातले घर विकून तिकडे लगेच घर घेऊ, हा आमचा हिशेब एकट्याच्या नावावर एका वर्षात बसतच नव्हता. शिवाय अशा कारणासाठी वर्षात दहा लाख रुपयांपुढे जी रक्कम जाईल तिच्यावर बँक २० टक्के कर आधी गोळा करते. तो पुढे विवरणपत्रात वळता करून घेता येतो, पण तोपर्यंत पैसा अडकतो. मी इतकी वर्षे बँकेत काढली असूनही या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या.

पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी निवृत्तांचा वेगळा परवाना असतो, त्यासाठी दरमहा ठरावीक परकीय चलन तिकडच्या खात्यात जमा करावे लागते आणि त्या परवान्यावर नोकरी करता येत नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितले. अनिवासी झाल्यावर इथली बचत खाती एनआरओ खात्यांत, म्हणजे अनिवासी भारतीयांच्या इथल्या उत्पन्नासाठीच्या खात्यांत, बदलावी लागतात, ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत नवे खाते उघडता येत नाही, आणि घर भाड्याने दिले तर भाडेकरूला दरमहा भाड्यातून कर कापून भरावा लागतो. या शेवटच्या अटीमुळे कित्येक भाडेकरू अनिवासी मालकाचे घर घ्यायला कां कूं करतात. इथल्या बहुतेक आरोग्य विम्यांचे संरक्षण भारतातील उपचारांपुरतेच असते, हे त्यांनी आमच्या पॉलिसीतील कलमावर बोट ठेवून दाखवले.

तिसरी बैठक प्रत्यक्ष बेटाविषयी होती. २,०४० चौरस किलोमीटरचा हा देश म्हणजे आपल्या ठाणे जिल्ह्याच्या जेमतेम अर्धा, पण त्याच्या दोन गावांच्या हवामानात मोठा फरक पडतो. पश्चिम किनाऱ्यावरचे फ्लिक-आं-फ्लाक कोरडे आणि उन्हाचे, तर मधल्या पठारावरचे क्युरपिप ढगाळ, ओले आणि थंड. ऋतू आपल्या उलट आहेत: मे ते ऑक्टोबर हिवाळा, नोव्हेंबर ते एप्रिल उन्हाळा, आणि त्याच उन्हाळ्यात चक्रीवादळे येतात. जानेवारी २०२४ मध्ये ‘बेलाल’ वादळाच्या वेळी राजधानी पोर्ट लुईच्या रस्त्यांवर पाण्याचा लोंढा येऊन मोटारी वाहून गेल्या होत्या. बाईंनी आम्हाला बजावून सांगितले की, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये राहून पाहू नका, त्या दिवसांत ते बेट सर्वांनाच आवडते. जानेवारी-फेब्रुवारीत जाऊन सहा आठवडे काढा आणि मग बोला. ज्या सल्लागाराला आपले काम उरकायचे असते तो असा सल्ला देत नाही, आणि त्यासाठी मी त्यांची मनापासून ऋणी आहे.

याच बैठकीत दिलेल्या माहितीपत्रकातल्या एका वाक्यावर मात्र माझा आक्षेप आहे. ‘तिथे मराठी माणसे आहेत, त्यामुळे घरच्यासारखे वाटेल’ असे त्यात छापले आहे. मराठी माणसे आहेत हे खरेच आहे. एकोणिसाव्या शतकात कोकणातून गेलेल्या मजुरांचे वंशज आजही आपले सण पाळतात, गणेश चतुर्थीला तिथे राष्ट्रीय सुट्टी असते, शाळांमध्ये आणि महात्मा गांधी संस्थेत मराठी शिकवली जाते, आणि मोका येथे २०२३ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांचा पुतळाही उभा राहिला. पण घरात आणि बाजारात त्यांची भाषा क्रेओल, म्हणजे फ्रेंचवरून घडलेली तिथली बोली, आहे, वर्तमानपत्रे बहुतांशी फ्रेंचमध्ये निघतात आणि सरकारी कागद इंग्रजीत असतात. ही माणसे पाच-सहा पिढ्यांची मॉरिशसची आहेत. आपल्या एकटेपणावर उपाय म्हणून त्यांच्याकडे पाहणे हा त्यांच्यावर अन्याय आहे आणि जाणाऱ्याची फसगतही. पुढे आम्ही तिकडे राहायला गेलो तेव्हा त्यांनी आम्हाला आपुलकीने घरी बोलावले, दालपुरी खाऊ घातली, जी पुरणपोळीच्या जातीची असून तिखट रश्शाबरोबर खातात. परंतु ते आदरातिथ्य पाहुण्यांचे होते, आणि तसे असणेच योग्य होते.

आता राहण्याच्या सोयीविषयी. आम्ही तिघेही गेलो, सासूबाईंसह. आम्हाला सांगण्यात आले होते की सदनिका तळमजल्यावर आहे, दुकान पायी पाच मिनिटांवर आहे आणि बसथांबा समोरच आहे. प्रत्यक्षात सदनिका दुसऱ्या मजल्यावर निघाली, उद्वाहक नव्हता, आणि वाणसामानाचे दुकान पायी पंचवीस मिनिटांवर, तेही उसाच्या शेतांमधल्या बिनसावलीच्या रस्त्याने. बसथांबा होता, पण संध्याकाळ झाली की बस मिळत नसे. सासूबाई सहा आठवड्यांत मोजून नऊ वेळा खाली उतरल्या. आम्ही फोन केल्यावर कार्यालयाने दिलगिरी व्यक्त केली, तरी बदली जागा दिली नाही, आणि अनामत रक्कम परत मिळायला तीन महिने आणि सात स्मरणपत्रे लागली. ज्यांच्या घरात वयस्क माणूस आहे त्यांनी जागेचे जिन्यासकट चित्रण आधी मागून घ्यावे.

चौथ्या आठवड्यात वादळाची पूर्वसूचना आली. तिथे इशाऱ्याचे क्रमांक चढत्या श्रेणीने देतात आणि वरच्या क्रमांकाला लोकांनी घरातच थांबायचे असते. घरमालकीणबाई दुपारीच वर आल्या, खिडक्यांच्या लाकडी झडपा आतून अडसर लावून बंद केल्या, न्हाणीघरातली बादली, पिंप, इतकेच काय पण आमचा कुकरसुद्धा पाण्याने भरायला लावला, आणि रेडिओ सासूबाईंच्या उशाशी ठेवून गेल्या. वादळ बाजूने निघून गेले. वीज एकोणीस तास नव्हती. त्या रात्री यांनी पहिल्यांदा विचारले की, आईला काही झाले असते तर रुग्णवाहिका या रस्त्याने आली असती का. ठाण्यात २६ जुलै २००५ चा पाऊस आम्ही पाहिलेला आहे, त्यामुळे पाण्याची भीती आम्हाला नवी नाही. पण इथे दार ठोठवायला बारा घरे होती आणि तिथे आम्हाला एकच माणूस ओळखत होते.

परतण्याआधी आम्ही पोर्ट लुईचा आप्रवासी घाट पाहिला. एकोणिसाव्या शतकात भारतातून करारावर नेलेले मजूर ज्या पायऱ्या चढून त्या भूमीवर आले त्या पायऱ्या तिथे जपल्या आहेत आणि २००६ मध्ये युनेस्कोने त्या स्थळाला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. सासूबाई मूळच्या संगमेश्वरच्या. त्या पायऱ्यांजवळ बराच वेळ उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, “यांना कुणी विचारलं तरी होतं का गं, येता का म्हणून?” मी उत्तर देऊ शकले नाही. चार महिन्यांत तीन बैठका झाल्या होत्या, त्यांपैकी दोन बैठकींना त्या आमच्याबरोबर येऊन भिंतीकडच्या खुर्चीवर बसल्या होत्या, आणि आम्ही किंवा त्या बाई, कोणीही त्यांना हा प्रश्न विचारला नव्हता. कागदावर त्यांचे नाव आम्ही ‘बरोबर येणारे’ या रकान्यात लिहून मोकळे झालो होतो.

हीच या सेवेची मोठी उणीव आहे, आणि तिच्यात आमचाही तितकाच वाटा आहे. पैसे, परवाने, हवामान, विमा या सगळ्याची इथे काटेकोर तपासणी होते. पण घरातल्या ज्या माणसाच्या हाती पैसाही नाही आणि निर्णयही नाही, त्याचे म्हणणे स्वतंत्रपणे ऐकण्याची सोय नाही. चौथ्या बैठकीत मी हे स्पष्टपणे मांडले. ती बैठक एरवी केवळ अहवाल हाती देण्याची असते आणि तिच्यासाठी वेगळे पैसे घ्यावेत असे तिच्यात काही नाही. बाईंनी ते लिहून घेतले, आणि मग खुर्ची ओढून सासूबाईंच्या समोर बसत विचारले, “आजी, तुमचा दिवस इथे कसा जातो?” सकाळी कौपीनेश्वराचे दर्शन, तलावपाळीवरच्या बाकावरच्या तिघी मैत्रिणी, दर गुरुवारी येणारी फुलवाली, असे सासूबाई वीस मिनिटे सांगत होत्या. ‘तिकडचे काय आवडले’ या प्रश्नावर त्यांनी सांगितले की शेजारची लहान मुलगी जिन्यात रोज “की मान्येर?” म्हणजे ‘कशा आहात?’ असे विचारायची, ते आवडले, आणि हिवाळ्यात असते तर मीही खाली उतरले असते.

आम्ही घर विकलेले नाही. गाळाही विकला नाही. त्यातला अर्धा भाग त्या दोन कारागिरांना चालवायला दिला आहे आणि त्याचे भाडे ठरले आहे. येत्या जूनमध्ये, म्हणजे तिकडच्या थंडीत, आम्ही पुन्हा दीड महिना जाणार आहोत, या वेळी तळमजल्यावरची जागा मी स्वतः घरमालकीणबाईंकडून ठरवली आहे. सासूबाई यायला तयार आहेत, मात्र गणपतीच्या आधी परत यायचे, ही त्यांची अट आम्ही मान्य केली आहे.

या सेवेला मी पाचपैकी साडेतीन गुण देते. पहिल्या तीन बैठका घ्याव्यात, राहण्याची जागा त्यांच्यामार्फत घेऊ नये, आणि घरात वृद्ध असतील तर पहिल्याच दिवशी त्यांची खुर्ची टेबलाजवळ ओढून घ्यावी.