माघार की पुढची वाट

समोरून येणारा २० नॉटचा (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर) वारा ६ नॉट वेगाच्या शिडाच्या नौकेवर २५ नॉटच्या आसपास भासतो. नौका वळवून तोच वारा पाठीवर घेतला, की १४ नॉट उरतो, आणि वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलत असल्याने शिडावरचा ताण जवळजवळ एक तृतीयांशावर येतो. माघार सुखाची वाटते ती यामुळेच.

मात्र मागून उचलणाऱ्या लाटेवर नौका आडवी फिरू शकते, आणि बंदराच्या उथळ मुखाशी ओहोटीचा प्रवाह लाटांना भिडत असेल, तर तिथे लाटा फुटतात. अशा वेळी खोल पाण्यात पुढे जाणे मला अधिक सुरक्षित वाटते. एरवी, सुकाणूवरच्या माणसाला गारठल्या बोटांनी जॅकेटची चेनही ओढता येईनाशी झाली, म्हणजे वळायला उशीरच झालेला असतो.