मुंबई ते न्यूयॉर्क: थेट, लंडनमार्गे की आखातातून?

मुलं न्यू जर्सीत आणि आईबाबा दादर-डोंबिवलीत, अशा घरांत तिकीट काढताना पहिला वाद यावरच होतो. थेट विमान महाग, मधे थांबणारं स्वस्त. मग 'एवढा वळसा कशाला घालायचा?'

वळसा खरं तर नावापुरताच आहे. मुंबई ते न्यूयॉर्क सरळ हवाई अंतर साधारण 12,550 किलोमीटर. लंडनमार्गे ते जेमतेम 200 किलोमीटरने वाढतं, दुबईमार्गे 400 च्या आसपास. थेट मार्गही वायव्येला युरोपच्या अंगानेच जातो, त्यामुळे लंडन जवळपास वाटेवरच पडतं. वेळ जातो तो थांब्यात.

थेट विमानाला साधारण 16 तास लागतात. एप्रिल 2025 पासून पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केल्यावर एअर इंडियाच्या पश्चिमेकडच्या फेऱ्या लांबल्या, म्हणून तुमच्या प्रवासाच्या दिवसांचं वेळापत्रक बघूनच तिकीट काढा. येताना वारा पाठीशी असतो, म्हणून वेळ कमी लागतो. थांबा घेतला तर तीन तासांचा हॉल्ट धरून एकूण 20-21 तास होतात.

गुडघे किंवा कंबर दुखणाऱ्यांना 'मधे जरा पाय मोकळे होतील' म्हणून आखाताचं तिकीट काढून देतात, ते मला पटत नाही. मुंबई-दुबई तीन-सव्वातीन तास, आणि पुढे सलग 14 तास! थांबा मिळाला तो पाय आखडायच्या आधीच. लंडनला प्रवास खरा दुभागतो: आधी साडेनऊ-दहा तास, मग आठ. पाय मोकळे करणं हेच कारण असेल तर लंडनच घ्या. फक्त हीथ्रोला टर्मिनल बदलावं लागणार का, ते आधी पाहा. तिथे बसने जावं लागतं आणि सुरक्षा तपासणी पुन्हा होते. थेट विमानाला ही कटकट मुंबईतच संपते.

अबू धाबी मात्र आखातात असूनही वेगळं. अमेरिकेचं इमिग्रेशन तिथेच, विमानात चढण्याआधी होतं. न्यूयॉर्कला उतरल्यावर बॅगा घेऊन सरळ बाहेर. इंग्रजीत उत्तरं द्यायला बिचकणाऱ्या आईबाबांना लांबच्या प्रवासाने थकण्याआधीच हे उरकलेलं बरं. त्यासाठी हॉल्ट किमान तीन-चार तासांचा हवा, दीड तासाचा स्वस्त जोड घेऊ नका.

माझं मत विचाराल तर पहिल्यांदा आणि एकटे जाणाऱ्या ज्येष्ठांना थेटच पाठवा, चार पैसे जास्त गेले तरी. रात्री दीडला सहारहून निघालं की उन्हाळ्यात तिथल्या सकाळी आठच्या सुमारास पोचतात, मुलांना न्यायला यायला सोयीचं. दर तास-दोन तासांनी उठून चालायला मात्र बजावून सांगा, आणि त्यासाठी खिडकीऐवजी कडेची सीट घ्या. एकटा विद्यार्थी असेल तर लंडन किंवा दुबई, जे स्वस्त पडेल ते.

थांब्याचं घेतलंत तर दोन्ही विमानं एकाच तिकिटावर हवीत. वेगवेगळी काढली आणि पहिलं विमान उशिरा पोचलं, तर दुसऱ्याचे पैसे बुडतात आणि बॅगाही स्वतः उचलून पुन्हा द्याव्या लागतात. व्हीलचेअर लागणार असेल तर ती बुकिंग करतानाच नोंदवा, दोन्ही टप्प्यांसाठी.