आठ महिने, एक सेकंडहँड मिनी पीसी आणि भाचेकंपनीचा माइनक्राफ्ट

एखाद्या ऑफिसातून निवृत्त झालेला हा पीसी आठ महिने माझ्या चपलांच्या कपाटावर, राउटरला खेटून पडून आहे. जाडजूड शब्दकोशाएवढा आकार. मॉनिटर नाही, कीबोर्ड नाही, फक्त लॅनची आणि पॉवरची वायर. माझे दोन भाचे आणि त्यांचे मित्र, असे सहा-सात जण आपापल्या कॉम्प्युटरवरून त्याला जोडून माइनक्राफ्टची जावा एडिशन (कॉम्प्युटरवरची आवृत्ती) खेळतात; म्हणजे हा पीसी त्यांचा सामाईक सर्व्हर. आत २०१८ चा इंटेल कोअर आय५-८५००टी, १६ जीबी रॅम आणि एक साधी साटा एसएसडी. वर डेबियन ही ऑपरेटिंग सिस्टीम आणि पेपर हे माइनक्राफ्टचं सर्व्हर सॉफ्टवेअर.

याआधी घरात पडलेला रास्पबेरी पाय ४, म्हणजे तळहाताएवढा छोटा कॉम्प्युटर, वापरून पाहिला होता. दोघं खेळत होते तोवर ठीक चाललं. मग थोरल्या भाच्याला उडायचे पंख मिळाले आणि तो नकाशाच्या कोऱ्या भागात सुसाट सुटला. इकडे धाकटा ओरडतोय, "मामा, फोडलेला दगड परत येतोय!" सर्व्हरच्या कन्सोलवर 'कान्ट कीप अप', म्हणजे 'झेपत नाही'च्या ओळींवर ओळी. माइनक्राफ्टचा सर्व्हर सेकंदाला २० टिक मारतो (प्रत्येक टिकला खेळातलं जग एक पाऊल पुढे सरकतं), म्हणजे एका टिकचं सगळं काम ५० मिलिसेकंदांत उरकायला हवं. ते उरकलं नाही की साचतं, आणि खेळणाऱ्याला दगड परत आलेला दिसतो.

पुढचा मोह होता जुन्या रॅक सर्व्हरचा, म्हणजे कंपन्यांमधल्या चपट्या, अवजड सर्व्हर मशीनचा. दोन झिऑन प्रोसेसर, ढीगभर कोअर, ढीगभर रॅम, आणि मिळतही होता स्वस्तात. घेतला नाही ते बरंच झालं. या गेमचं मुख्य काम जवळजवळ सगळं एकाच थ्रेडवर, म्हणजे एका वेळी एकाच कोअरवर चालतं. रांग एकाच खिडकीवर लागणार असेल तर शेजारच्या तेवीस खिडक्या उघड्या असून काय उपयोग? त्या खिडकीवरचा माणूस चपळ हवा. शिवाय रॅक सर्व्हरचे पंखे घरात ऐकून बघा एकदा, मग बोलू.

८५००टी मधला 'टी' म्हणजे ३५ वॅटवाला प्रोसेसर. कागदावर मूळ वेग २.१ गिगाहर्ट्झ दिसतो म्हणून लोक नाक मुरडतात, पण तो ३.५ पर्यंत चढतो, आणि भार मुख्यतः एका कोअरवर असल्यामुळे माझ्याकडे बराच वेळ तिथेच आसपास असतो. सहा जण खेळत असताना टिकला १५ ते २० मिलिसेकंद लागतात.

हे आजचं झालं. पहिले दोन आठवडे मात्र हाच पीसी रास्पबेरी पायपेक्षाही रडत होता. मी व्ह्यू डिस्टन्स (खेळणाऱ्याला किती लांबचं जग दिसतं ते) १० वरून ६ वर आणला, एकेक करून प्लगिन, म्हणजे सर्व्हरला जोडलेले जादा प्रोग्रॅम काढले, जावाच्या सेटिंग्जशी खेळलो. धुक्यात राहावं लागल्यामुळे भाचे वैतागले. शेवटी सहज म्हणून प्रोसेसरचा वेग पाहिला, तर सहाच्या सहा कोअर ८०० मेगाहर्ट्झवर गपगार! मग टीव्हीची केबल काढून पीसीला लावली आणि रीस्टार्ट केला. पडद्यावर इशारा आला: अडॅप्टर ओळखता येत नाही. विकणाऱ्याने मूळ अडॅप्टरऐवजी "हा पण चालतो" म्हणून दुसराच दिला होता. चालत होता खरा, पण मशीनने स्वतःहून वेग बांधून ठेवला होता. आणि ते बिचारं रोज बूट होताना सांगत होतं, मॉनिटर नसल्यामुळे ऐकणारं कोणी नव्हतं. योग्य वॅटचा मूळ अडॅप्टर लावला आणि त्याच संध्याकाळी व्ह्यू डिस्टन्स परत १० वर. त्यामुळे सेकंडहँड मिनी पीसी घ्यायला जाल तेव्हा रॅम-डिस्क विचारायच्या आधी अडॅप्टर उलटा करून त्यावरचा वॅटचा आकडा वाचा.

रॅमबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. सर्व्हरला ६ जीबी दिली आहे, एवढ्या जणांना पुरते. सगळी १६ जावाच्या हवाली करू नका, ऑपरेटिंग सिस्टीमलाही श्वास घ्यायला जागा लागते. डिस्क मात्र एसएसडीच हवी. सोबत आलेली हार्ड डिस्क मी चार दिवस ठेवली होती. चौघं चार दिशांना पांगले की तिची करकर हॉलमध्ये ऐकू यायची.

एक काम सुरुवातीलाच करा. चंकी नावाचं प्लगिन टाकून मी ५,००० ब्लॉक त्रिज्येचा नकाशा एका रात्रीत तयार करून घेतला. नवी जमीन तयार करताना बाकीचे कोअरही राबतात, त्यामुळे त्या रात्री पंखा जेवढा वाजला तेवढा पुन्हा कधी वाजला नाही. आता थोरला पंख लावून कुठेही उडो.

वीज म्हणाल तर मीटर लावून मोजली: रिकामा असताना ९-१० वॅट, सगळे खेळत असताना २५ च्या आसपास. सरासरी १५ धरली तरी चोवीस तास चालू ठेवून महिन्याला ११ युनिटही होत नाहीत. १२० वॅट खाणारा रॅक सर्व्हर ८६ युनिटांपर्यंत गेला असता.

नेटवर्कने दोन संध्याकाळी खाल्ल्या. राउटरवर २५५६५ पोर्ट उघडला, तरी बाहेरून कोणालाच येता येईना. राउटरला मिळालेला पत्ता १००.६४ ने सुरू होत होता, म्हणजे आम्ही सीजीनॅटच्या मागे: इंटरनेट कंपनी एकच बाहेरचा पत्ता अनेक ग्राहकांत वाटते. तिथे पोर्ट फॉरवर्डिंगवर कितीही डोकं आपटलं तरी व्यर्थ. मग सगळ्यांच्या कॉम्प्युटरांचं एक खाजगी नेटवर्क बनवणारं टेलस्केल बसवलं. चालतं झकास, पण प्रत्येक मित्राच्या आईला "काकू, हे व्हायरस नाही" असं फोनवर समजवायचं काम माझ्याकडे आलं.

पाचव्या महिन्यात एकदा वीज गेली आणि आल्यावर सर्व्हर उठलाच नाही. बायोसमध्ये (पीसीच्या मूळ सेटिंग्जमध्ये) 'वीज आली की चालू हो' हे लावलेलं होतं, दिवाही लागलेला, पण प्रतिसाद नाही. पुन्हा टीव्हीची केबल. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपल्यामुळे घड्याळ मागे गेलं होतं आणि मशीन कोणीतरी एफ-वन दाबेल म्हणून कीबोर्डची वाट बघत थांबलं होतं. नवा सेल घातला. पीसी घेतला त्याच दिवशी बदलायला हवा होता.

आता धाकट्याला एक भला थोरला मॉडपॅक (गेममध्ये नव्या गोष्टी घालणाऱ्या मॉडचा संच) हवा आहे, ज्याला एकट्यालाच १० जीबी लागेल. रॅमचे स्लॉट दोनच, आणि दोन्हींत आठ-आठच्या स्टिक बसलेल्या. म्हणजे निदान एक तरी काढावीच लागणार. सुरुवातीला सोळाची एकच घेतली असती तर दुसरा स्लॉट मोकळा राहिला असता. धाकट्याला मी परीक्षा संपेपर्यंत थांब म्हणून सांगितलंय.