सेकंड हँड यामाहा ट्रम्पेट, सव्वा वर्षानंतर (आणि तो मिळवून देणारा ग्रुप)

यामाहाचा वायटीआर २३३० सव्वा वर्ष वाजवतेय, सेकंड हँड घेतलेला, त्यामुळे आता त्याच्याबद्दल लिहायला हरकत नाही. पण नुसत्या ट्रम्पेटचा रिव्ह्यू लिहिला तर तो अर्धाच होईल, कारण हा मला दुकानातून नाही, माणसांनी मिळवून दिलाय, म्हणून दोन्हीबद्दल लिहिते.

मी ४१ वर्षांची, भांडुपला राहते, बँकेत नोकरी. लहानपणी वरळीला मामाकडे जायचो तेव्हा कोळीवाड्यात हळदीला बँड यायचा, ट्रम्पेटवाल्याने पहिला सूर लावला की पोटात कायतरी हलायचं, ते अजून हलतं. चाळिशी आली आणि ठरवलं की आता शिकायचंच. घाई केली आणि ऑनलाइन साडेसात हजाराचा एक चकचकीत ट्रम्पेट मागवला, कंपनीचं नाव नाही घेत. तिसऱ्या दिवसापासून मधला पिस्टन, म्हणजे सूर बदलायला बोटाने दाबतात तो दट्ट्या, दाबला की वर यायचं नावच घेईना. ट्यूनिंग स्लाइड, म्हणजे सूर जुळवायची सरकती नळी, जागची हलायची नाही. विकणाऱ्याला मेसेज केले तर रिटर्नची मुदत संपली म्हणे. सगळ्यात वाईट काय झालं माहितीये, तीन महिने मी हेच समजत राहिले की माझ्यातच काहीतरी कमी आहे, या वयात श्वास पुरत नाही, ओठ तयार होणार नाहीत वगैरे.

मग ऑफिसातल्या एका मैत्रिणीच्या भावाने, तो वसईला चर्चमध्ये वाजवतो, मला त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर घेतलं. लॉकडाऊनमध्ये सुरू झालेला ग्रुप, लग्नं मिरवणुका सगळं बंद होतं तेव्हा बँडवाल्यांची चौकशी करायला म्हणून काढला, मग चालूच राहिला. मी घाबरत घाबरत २० सेकंदांची क्लिप टाकली. दहा मिनिटांत एका काकांची व्हॉइस नोट आली, पोलीस बँडमधून रिटायर झालेत, कल्याणला राहतात: "ताई, तुमचं फुंकणं ठीक आहे हो, मला पिस्टन खरडताना ऐकू येतोय, तो बाजा बाजूला ठेवा आधी." ती नोट मी किचनमध्ये उभी राहून चारदा ऐकली. डोळ्यांत पाणी आलं खरंच.

इथे एक सांगायला पाहिजे, भारतातला बाजा म्हणून तो वाईट होता असं अजिबात नाही. मेरठच्या जली कोठी भागात ब्रासचे बाजे पिढ्यान्‌पिढ्या बनतात, तिथली नादिर अली कंपनी तर १८८५ पासूनची, आणि काकांचा स्वतःचा पहिला ट्रम्पेट मेरठचाच. प्रश्न गावाचा नसतो, पिस्टन नीट घासून बसवलाय की नाही याचा असतो, आणि ते फोटोत दिसत नाही. म्हणूनच बघायला सोबत जाणकार माणूस लागतो.

सेकंड हँडच्या तीन जाहिराती मी ग्रुपवर टाकल्या. पहिल्याच्या फोटोवर एकाने गोल करून परत पाठवला, लीडपाइपवर, म्हणजे ओठ लावायचा माउथपीस ज्यात बसतो त्या नळीवर, गुलाबी लालसर ठिपके होते, म्हणाला हा रेड रॉट. म्हणजे पितळेतलं जस्त आतून निघून जातं आणि मागे सच्छिद्र तांबं राहतं, वरून पॉलिश केलं तरी आतून खाल्लेलंच, ती नळीच बदलावी लागते. मला ते आपले नेहमीचे डाग वाटले होते! दुसरा परवडत नव्हता. तिसरा मालाडला ऑर्लेममध्ये, एक मुलगा शिकायला बाहेर चालला होता त्याचा, म्हणजे आत्ता माझ्याकडे आहे तो.

काका कल्याणवरून मालाडला आले, रविवारी, मेगाब्लॉक असताना, आणि आम्ही त्या दिवशी पहिल्यांदाच भेटत होतो. त्या मुलाच्या घरी टेबलावर रुमाल पसरला, मोबाइलचा टॉर्च लावून लीडपाइपमध्ये डोकावून बघितलं, मग पिस्टन न दाबता मधली छोटी स्लाइड ओढून काढली आणि पॉक्‌ असा आवाज आला. माझ्याकडे बघून हसले. तो आवाज आला म्हणजे पिस्टन आणि नळीच्या मधून हवा गळत नाहीये. प्रत्येक स्लाइडला तसंच केलं. मग खिशातून स्वतःचा माउथपीस काढून एकच लांब सूर धरला, आतल्या खोलीतून त्या मुलाची आजी बाहेर येऊन उभी राहिली. २६,००० ला सौदा झाला. काकांनी चहाचे पैसेसुद्धा मला देऊ दिले नाहीत.

आता ट्रम्पेटबद्दल. बोअर, म्हणजे नळीचा आतला व्यास, ११.६५ मिमी म्हणजे मीडियम लार्ज, बेल, म्हणजे पुढचं फुललेलं तोंड, पिवळ्या पितळेची १२३ मिमीची, पिस्टन मोनेलचे, म्हणजे निकेल आणि तांब्याचा मिश्रधातू, सहजी गंजत नाही. मुंबईच्या खाऱ्या दमट हवेत हे फार महत्त्वाचं आहे, दोन पावसाळे काढलेत, दर एक दोन दिवसांनी व्हॉल्व्ह ऑइलचे दोन चार थेंब आणि महिन्यातून एकदा कोमट पाण्याने आंघोळ, एवढ्यावर पिस्टन लोण्यासारखे चालतात. पाणी कोमटच हं, कढत नको, लॅकर म्हणजे वरचा चकचकीत थर जातो. हातात जड वाटत नाही. आवाज स्वच्छ, सरळ, फुंकायला हलका, नवशिक्याला उगाच दमवत नाही. वरच्या पट्टीत प्रोफेशनल बाज्यासारखा गडद होत नाही, पण आत्ता मला त्याची गरजही नाहीये. हा शिकाऊ माणसासाठी बनवलेला बाजा आहे आणि ते काम तो चोख करतो.

एक गोष्ट नव्याने घेणाऱ्यांना कळत नाही म्हणून लिहिते. ट्रम्पेट बी फ्लॅटचा असतो, म्हणजे कागदावर सी लिहिलाय आणि काही न दाबता वाजवलात तर हार्मोनियमवर निघते काळी पाच. आमच्या सोसायटीचं भजन पांढरी एकमध्ये चालतं, म्हणजे त्यांचा सा माझ्यासाठी खालचा डी, पहिला आणि तिसरा पिस्टन एकत्र. आणि नेमका हाच सूर प्रत्येक ट्रम्पेटवर थोडा चढा लागतो, कारण दोन पिस्टन एकत्र दाबले की नळीची लांबी हिशोबाला थोडी कमी पडते. त्यासाठी तिसऱ्या पिस्टनची स्लाइड बोटाने जराशी बाहेर सरकवायची असते. मी आठवडाभर पेटीशी भांडत होते की सा जुळत का नाही. ग्रुपवर विचारलं, वरळीच्या एका दादाने अनामिका रिंगमध्ये घालून स्लाइड कशी ढकलायची त्याचा व्हिडिओ टाकला, दुसऱ्या दिवशी सा पेटीत विरघळला. माझ्या ट्रम्पेटची ती स्लाइड आधी जड होती, जुनं ग्रीस वाळलं होतं, साफ करून नवं लावल्यावर सुटली.

ग्रुपवर दोन भाषा चालतात हे मला सगळ्यात आवडतं. बँडवाले काळी पाच, पांढरी दोन असं बोलतात आणि लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संगीत परीक्षा देणारी वांद्र्याची मुलं त्याच काळी पाचला कॉन्सर्ट बी फ्लॅट म्हणतात, आणि आता दोघांना दोन्ही कळतं. वरळीच्या दादाने वीस वर्षं कानाने वाजवलं, स्टाफ नोटेशन त्याला वसईच्या पोराने शिकवलं, दर मंगळवारी रात्री व्हिडिओ कॉलवर. आणि दादाने त्या पोराला पिस्टन अर्धा दाबून सुरातून सुरात घसरत कसं जायचं, मींड कशी काढायची, ते शिकवलं. कॉलवर एकत्र वाजवता येत नाही, आवाज उशिरा पोचतो, म्हणून एकेकाने वाजवायचं आणि बाकीच्यांनी माइक बंद ठेवायचा. झूमवर असाल तर ओरिजिनल साउंड चालू करा, नाहीतर ॲपला ट्रम्पेट म्हणजे गोंगाट वाटतो आणि ते सूरच गिळून टाकतं.

जुन्या गोष्टीही निघतात. चिक चॉकलेट म्हणून गोव्याचे ट्रम्पेटवाले होते, मुंबईत ताजमध्ये वाजवायचे, त्यांना भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे, हे मला काकांकडून कळलं. हिंदी सिनेमातले ट्रम्पेटवाले किशोर सोढा, त्यांचं वाजवणं कुणी टाकलं की त्या रात्री ग्रुप झोपत नाही.

पैशाचाही फायदा आहे, लपवण्यासारखं काही नाही. गणपतीत, लग्नसराईत 'उद्या परळला एक ट्रम्पेट कमी पडतोय' असा मेसेज येतो आणि अर्ध्या तासात माणूस ठरतो, मधला कमिशनवाला नाही. ज्यांचं घर यावर चालतं त्यांना याची किंमत विचारा.

खटकतं तेही सांगते. सल्ले फार येतात आणि एकमेकांना काटतात, एक म्हणतो ओठ ओले ठेव, दुसरा म्हणतो कोरडे ठेव, नवीन माणूस गोंधळून जातो. मी शेवटी ठरवलं की ओठांबद्दल फक्त काकांचं ऐकायचं: गाल फुगवायचे नाहीत, माउथपीस दाबायचा नाही, जेवढा वेळ वाजवलं तेवढाच वेळ आराम. महागड्या माउथपीसच्या चर्चा कधी कधी इतक्या वाढतात की ज्याला ते परवडत नाहीत तो गप्प बसतो, हे बरं नाही. आणि बायका आम्ही तिघीच आहोत, अजून यायला हव्यात.

प्रॅक्टिस म्यूट, म्हणजे आवाज दाबायला बेलमध्ये घालायचं बूच, तोही ग्रुपमुळेच घेतला, फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला दुसरा पर्याय नाही. साडेनऊनंतरही वाजवू शकते, शेजारच्या आजींना टीव्हीच्या वर काही ऐकू येत नाही. पण म्यूट लावला की फुंकायला जोर जास्त लागतो आणि सूर चढतो, म्हणून रविवारी सकाळी गच्चीवर टाकीपाशी उघडं वाजवायलाच हवं, नाहीतर कान बिघडतो.

आणि मागच्या जूनमध्ये माउथपीस अडकला. पडला होता बाजा, माझीच चूक. कितीही ओढला तरी निघेना, नवऱ्याने पक्कड आणली. मी फोटो टाकला आणि लगेच काकांचा फोन, "पक्कड खाली ठेवा, नळी पिळवटेल!" याला पुलर म्हणून वेगळं हत्यार असतं, दोन्ही बाजूंनी स्क्रू फिरवत सारख्या दाबाने माउथपीस बाहेर ढकलतं. ग्रुपने वर्गणी काढून एक घेतलाय, ज्याला लागेल त्याच्याकडे फिरतो. तेव्हा तो वसईला होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दादरच्या पुलावर, गर्दीच्या वेळी, वसईचा तो पोरगा पुलर पिशवीत घेऊन आला, आम्ही पुलाच्या कडेला कठड्याला टेकून तिथेच लावला, दोन मिनिटांत टक्‌ करून सुटला. नळीला ओरखडासुद्धा नाही.

ट्रम्पेटला पाचपैकी साडेचार. ग्रुपला पाच.

पुलर तेव्हापासून माझ्याकडेच आहे. मुलुंडपासून सीएसएमटीपर्यंत कुणाचा अडकला असेल तर खाली लिहा, सोमवार ते शुक्रवार मी त्याच लाइनवर असते, आणून देईन.