आहेराची खरेदी दुसऱ्याच्या हाती : पुण्यातील एका घरगुती सेवेचा अनुभव

गेल्या डिसेंबरात पुण्यात झालेल्या मुलीच्या लग्नासाठी मानपानाची आणि आहेराची सारी खरेदी मी आयुष्यात प्रथमच दुसऱ्याच्या हाती सोपवली. आम्ही बावीस वर्षे बंगळुरूत राहतो, नोकरीतून मिळणारी रजा लग्नाच्या आठवड्यापुरतीच होती आणि पुण्यातल्या ज्या नणंदेवर हा भार टाकता आला असता तिच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया नुकतीच झाली होती. अशा वेळी एका मैत्रिणीने कसबा पेठेत राहणाऱ्या दोन जावांची माहिती दिली. यादी आणि अंदाजपत्रक घेऊन त्या भेटवस्तू निवडतात, विकत घेतात, बांधून नावानिशी पोचवतात आणि त्याचे शुल्क घेतात. पुढच्या काही महिन्यांची कामे त्यांनी आधीच स्वीकारलेली असल्याने त्यांच्या विनंतीवरून नाव येथे देत नाही. परंतु असा व्यवसाय करू इच्छिणाऱ्यांना आणि अशी सेवा घेऊ पाहणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून अनुभव सविस्तर लिहिते आहे.

पहिल्याच दूरध्वनीवर थोरल्या जावेने मला विचारले, “ताई, तुमच्या घरी आहेराची वही आहे का?” माझ्या सासूबाईंनी 1987 साली थोरल्या दिरांच्या लग्नात सुरू केलेली वही माझ्याकडे आहे. कोणी काय दिले आणि आपण परत काय केले याच्या नोंदी तिच्यात आहेत. अंदाजपत्रकाचा आकडा मी सांगण्याआधीच तिने या वहीच्या पानांची छायाचित्रे मागवली, आणि त्याच क्षणी मला वाटले की हे काम योग्य हाती गेले आहे. परतीच्या आहेरात किंमत तोलून पाहिली जाते हे कोणी उघड बोलत नसले तरी सर्वांना ठाऊक असते. ज्या मामेसासऱ्यांनी अडचणीच्या काळातही आमच्या लग्नात चांदीचे निरांजन दिले, त्यांच्या घरी स्टीलचा डबा गेला असता तर ती चूक वर्षानुवर्षे बोलली गेली असती.

वही पाहून झाल्यावर छत्तीस नावांचा तक्ता आला. प्रत्येक नावापुढे नाते, वय, राहण्याचे गाव, घर मोठे की लहान आणि काय देऊ नये असे रकाने होते. काय द्यावे यापेक्षा काय देऊ नये हे विचारणे मला फार मोलाचे वाटले, कारण त्या एका रकान्यामुळे मधुमेह असलेल्या काकांकडे जाणारी मिठाई आणि दोन खोल्यांच्या घरात जाणारी पाच फुटांची समई टळली. माझ्या एका चुलतसासूबाईंचे यजमान तीन वर्षांपूर्वी गेले. त्यांच्या नावाशी आल्यावर धाकट्या जावेने, कोणताही आडपडदा न ठेवता पण अत्यंत मायेने, विचारले की त्यांच्यासाठी इतर काकूंप्रमाणेच साडी आणि खण घ्यायचा ना, कारण काही घरांत वेगळे सांगतात. मी “सगळ्यांसारखेच” असे उत्तर दिल्यावर तिने मोरपंखी रंगाचा, इतर कोणाहीपेक्षा देखणा खण निवडला. काकूंनी तो मांडवात सगळ्यांना दाखवला. शुल्काच्या रकमेत अशा प्रश्नाची किंमत धरता येत नाही, पण माझ्या दृष्टीने सेवेचा गाभा तोच आहे.

थोरल्या जावेने साड्यांच्या दुकानात पंधरा वर्षे नोकरी केलेली आहे आणि ते ज्ञान विहीणबाईंच्या पैठणीच्या वेळी उपयोगी पडले. लक्ष्मी रस्त्यावरील एका दुकानात साडेअकरा हजारांची पैठणी येवल्याची हातमागाची म्हणून दाखवण्यात आली. तिने पदर उलटा करून त्याचे जवळून छायाचित्र काढून मला पाठवले. हातमागावरच्या पैठणीत पदरावरचा मोर दोन्ही बाजूंनी जवळपास सारखाच दिसतो, कारण प्रत्येक रंगाचा बाणा, म्हणजे आडवा धागा, त्या आकृतीपुरताच हाताने गुंफलेला असतो. यंत्रमागाच्या कापडात मात्र रंगीत धागे पाठीमागून आडवे धावतात किंवा कापलेली टोके दिसतात. छायाचित्रात धावते धागे स्पष्ट होते. पैठणीला 2010 साली भौगोलिक मानांकन मिळालेले असले तरी त्या नावाखाली यंत्रमागाचा माल सर्रास विकला जातो, आणि खरेदीदार स्वतः पारखी नसेल तर मानांकन त्याला फारसे वाचवू शकत नाही. दोन दिवस फिरून तिने दुसरीकडून 14,200 रुपयांना खरी हातमागाची पैठणी घेतली आणि रेशमाच्या शुद्धतेची सिल्क मार्कची चिठ्ठी साडीला तशीच ठेवली. तेवढ्याने माझे अंदाजपत्रक 2,700 रुपयांनी वाढले. तरीही तो निर्णय तिने माझ्यावर लादला नाही, दोन्ही पदरांची छायाचित्रे शेजारी शेजारी ठेवून मला ठरवू दिले.

तांब्या-पितळेची भांडी तांबट आळीतून आली. ती आळी कसब्यातच असल्याने दोघींचे तेथील कारागिरांशी घरोब्याचे संबंध आहेत, आणि मठारकाम केलेल्या तांब्याच्या घागरीवर हातोडीचे ठोके एकसारखे पडले आहेत की नाहीत हे त्या हात फिरवून सांगतात. प्रत्येक भांड्यासोबत स्वच्छ मराठी अक्षरांत एक चिठ्ठी होती : हे भांडे पाण्यासाठी आहे, कल्हई नसल्याने यात ताक, चिंच किंवा लिंबू ठेवू नये. चांदीच्या चार वस्तूंबाबतही अशीच काळजी दिसली. चांदीवर सोन्याप्रमाणे हॉलमार्क सक्तीचा नसल्यामुळे त्यांनी हॉलमार्क असलेल्याच वस्तू घेतल्या, आणि वजन व घडणावळ बिलात वेगवेगळी लिहून घेतली. सोलापुरी चादरी, पंचे, टोप्या, उपरणी यांविषयी वेगळे सांगण्यासारखे काही नाही. ती खरेदी नेटकी झाली.

मी स्वतः एका लहान कंपनीचे हिशेब पाहते, म्हणून पैशाच्या व्यवहाराकडे माझे लक्ष अधिक होते. मी 1,30,000 रुपये आगाऊ दिले. वस्तूंची बिले 1,14,380 रुपयांची झाली, एका नावामागे 250 प्रमाणे शुल्क 9,000, बोहरी आळीतून आणलेल्या खोक्यांचे आणि बांधणीचे 2,160, व सात कुरिअरचे 1,190. एकूण 1,26,730 रुपये. उरलेले 3,270 रुपये लग्नानंतर चौथ्या दिवशी, मी न मागता, खात्यात परत आले. सर्व बिले माझ्या नावाची होती आणि बारा साड्यांवर दुकानदाराने दिलेली आठ टक्के सूट बिलातच दिसत होती. दुकानदाराकडून दलाली घ्यायची नाही हा त्यांचा नियम आहे, आणि या व्यवसायात मी याहून महत्त्वाचा नियम मानत नाही. जो खरेदीदार ग्राहकाकडून शुल्क आणि दुकानातून टक्के असे दोन्हीकडून घेतो, त्याच्या निवडीवर विश्वास ठेवायला ग्राहकाला काही आधारच उरत नाही.

बिले ग्राहकाच्या नावाने घेण्यात कराच्या दृष्टीनेही शहाणपण आहे. सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल 20 लाख रुपयांपर्यंत असेल तर सर्वसाधारणपणे वस्तू व सेवा कराची नोंदणी बंधनकारक नसते. ग्राहकाने अधिकार दिला असेल, वस्तूंची मालकी स्वतःकडे येत नसेल आणि वस्तूंसाठी दिले तेवढेच पैसे ग्राहकाकडून घेतले असतील, तर ती रक्कम सेवेच्या मूल्यात धरली जात नाही. उलट, माल स्वतःच्या नावाने घेऊन पुढे विकला तर पूर्ण रक्कम उलाढालीत येते आणि व्यवसायाचे स्वरूप व्यापाराचे होते. या दोघींनी दोन पानांचा साधा करार माझ्याकडून सही करून घेतला होता, त्यात हे सारे लिहिलेले होते. लहान उद्योगांसाठीची सरकारी उद्यम नोंदणी त्यांनी केली आहे. ती सरकारच्या संकेतस्थळावर विनामूल्य होते, त्यासाठी मध्यस्थाला पैसे देण्याची गरज नाही. महाराष्ट्रात मोजकेच कामगार असलेल्या लहान आस्थापनेला 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंदणीऐवजी केवळ सूचना द्यावी लागते, तीही त्यांनी दिली आहे.

सेवेची सुरुवात कशी झाली हे मी मुद्दाम विचारले. 2023 साली श्रावण अधिक आला होता. धाकट्या जावेच्या बँकेतल्या, बदलीमुळे परगावी गेलेल्या दोन मैत्रिणींना पुण्यातल्या जावयांकडे अधिकाचे वाण पोचवायचे होते : तेहतीस अनारसे, तांब्याचे ताट, दिवा आणि मुलीला साडी. तिने ते केले, दोघींनी इतर दोघींना सांगितले, आणि महिना संपेपर्यंत अकरा घरी वाण पोचले. पहिल्या अकरांपैकी कोणाकडूनही शुल्क घेतले नव्हते आणि रिक्षाचे पैसे पदरचे गेले. हिशेब मांडल्यावर थोरलीने शुल्काचा आग्रह धरला. भांडवल म्हणावे असे फारसे लागले नाही, एक कपाट, एक वजनकाटा आणि बांधणीचे सामान एवढेच; परंतु काम वर्षभर सारखे नसते हे त्यांना पहिल्याच वर्षी कळले. चातुर्मासात लग्ने थांबतात, दिवाळीत कार्यालयांच्या मागण्या एकदम अंगावर येतात, आणि तुळशीच्या लग्नानंतर पुन्हा मानपान सुरू होते. मधल्या रिकाम्या महिन्यांसाठी त्यांनी बारसे आणि डोहाळजेवणाची कामे जोडून घेतली आहेत. अनारसे त्या स्वतः करत नाहीत आणि स्वतः विकतही नाहीत. अन्नसुरक्षेची नोंदणी असलेल्या एका बाईंचे बिल थेट ग्राहकाला जाते. खाद्यपदार्थ आपल्या नावाने विकायचे तर ती नोंदणी स्वतःला लागते, हे अनेक नवउद्योजिका विसरतात.

आता उणिवा. तरुण मुलांसाठीची त्यांची निवड मला पटली नाही. एकोणीस वर्षांच्या भाच्यासाठी त्यांनी भिंतीवर लावायची पितळी चौकट सुचवली, आणि ती नाकारल्यावर पाकीट. शेवटी मीच त्याला विचारून प्रवासाची पिशवी सांगितली. साडी, भांडे, चांदी यांत ज्यांचा हात इतका सराईत आहे, त्यांनी वसतिगृहात राहणाऱ्या मुलांना काय लागते हेही त्याच निष्ठेने शिकून घ्यायला हवे. दुसरे म्हणजे छायाचित्रे एकदम चौदा-पंधरा, आणि तीही कार्यालयाच्या वेळेत येत. दिवसातून एक ठरलेली वेळ ठेवली असती तर दोन्ही बाजूंचे श्रम वाचले असते. तिसरी तक्रार अधिक गंभीर आहे. नागपूरला गेलेल्या खोक्यातल्या तांब्याला वाटेत पोचा आला. चूक कुरिअरची असली तरी बांधणी पुरेशी जाड नव्हती, आणि नवा तांब्या पोचायला अकरा दिवस लागले. त्यांनी त्याचा खर्च स्वतः सोसला हे खरे, मात्र तोवर आत्याबाईंना दोनदा फोन करून मलाच समजावून सांगावे लागले. वाहतुकीतले नुकसान कोणी सोसायचे आणि किती दिवसांत, हे त्यांच्या करारात नव्हते. आता ते कलम घातल्याचे त्यांनी कळवले आहे.

पुण्याबाहेर राहून पुण्यात कार्य करणाऱ्या कुटुंबांना ही सेवा मी निःसंकोच सुचवीन. वस्तू कमी आणि नाती साधी असतील, तर एका नावामागचे 250 रुपये वाचवून स्वतः तुळशीबागेत एक दुपार काढणे अधिक योग्य ठरेल. काम संपल्यावर त्यांनी छत्तीस नावे आणि दिलेल्या वस्तू आमच्या वहीच्याच आकाराच्या कागदावर लिहून पाठवल्या, आणि वहीची छायाचित्रे आपल्याकडून काढून टाकल्याचेही कळवले. ती पाने मी सासूबाईंच्या अक्षरानंतर चिकटवली आहेत.

यंदा ज्येष्ठ अधिक आहे आणि 17 मे रोजी तो सुरू होतो. जावयांचे पहिले अधिकाचे वाण म्हणून तांब्याचे ताट आणि तेहतीस अनारसे मी आताच सांगून ठेवले आहेत, या वेळी जाड खोक्यात.